घाट चढून आलेली मासळी: पिशवीपासून ताटापर्यंत कशी सांभाळावी

पुण्याला समुद्र नाही. गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात दिसणारं पापलेट कुठल्या तरी बंदरावरून बर्फात बसून आलेलं असतं. म्हणून ‘ताजी आहे का?’ हे विचारण्यात अर्थ नाही, मासेवाला हो म्हणणारच. वाटेत आणि गाळ्यावर बर्फ टिकला का, ते बघा. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा तर जास्तच.

घेताना

कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलं तर खड्डा न राहणारं अंग, हे घरोघरी माहीत असतं. त्यात एवढी भर घाला: मासा बर्फावर नुसता मांडलेला नको, बर्फात पुरलेला हवा. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. हे मासे उबेत राहिले की जिवाणू त्यांत हिस्टामिन तयार करतात, आणि ते कितीही तळलं-उकळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक त्याला ‘माशाची ॲलर्जी’ म्हणून मोकळे होतात.

घरी आणताना

मासळी सगळ्यात शेवटी घ्या. पिशवीत झाकणाचा डबा ठेवा आणि साफ करून घेतल्यावर वरून मूठभर बर्फ मागा. मागितला तर सहसा देतात. भाजी आणि मासे एका पिशवीत नकोत.

मीठ-हळद लावल्यावर

खरी गफलत इथे होते. समुद्री मासळीतून होणाऱ्या जुलाब-उलट्यांचं एक मोठं कारण म्हणजे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू. १९५० साली जपानमधल्या ओसाकात अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले, २० दगावले. त्या तपासात तो सापडला. १९९६ मध्ये कोलकात्यात आढळलेला त्याचा एक प्रकार पुढे अनेक देशांत साथी घेऊन गेला. याला वाढायला मीठ लागतं, आणि पोषक उबेत तो दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणजे मीठ-हळद चोळून ओट्यावर तासभर ‘मुरायला’ ठेवलेल्या तुकड्या त्याच्या सोयीच्याच. मुरवा, पण फ्रिजमध्ये, झाकून, ४ अंशांच्या आसपास. लिंबू, चिंच, कोकमाच्या आंबटपणावर भरवसा ठेवू नका.

गोडं पाणी याला मानवत नाही, म्हणून मीठ लावण्याआधी मासे नळाच्या बारीक धारेखाली धुवा. शिंतोडे उडाले तर ओटा, विळी, सुरी साबणाने घासा. त्याच विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरू नका.

शिजवताना

मधल्या भागाचं तापमान ६३ अंशांवर गेलं की हा जिवाणू मरतो. घरात थर्मामीटर कोण ठेवतं? मांस दुधी दिसून काट्यापासून सहज सुटलं पाहिजे. तिसऱ्या (शिंपल्या) असतील तर शिजवण्याआधी टिचकी मारून बघा. उघडी असून मिटत नाही ती फेका. तोंड उघडल्यावरही चार-पाच मिनिटं उकळू द्या, उकळूनही न उघडलेल्या टाकून द्या. गाळून खाणारा जीव आहे तो, पाण्यातली घाण पोटात साठवतो. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची कालवं टाळावीत. व्हिब्रिओचा दुसरा एक प्रकार त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

पंगत आजारी पडली तर

त्रास बहुधा एका दिवसाच्या आत सुरू होतो. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (दोन्ही सपाट चहाच्या चमच्याने) घालून घोट-घोट पाजा. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून देऊ नका. रक्त पडलं, ताप चढला, लघवी कमी झाली किंवा रुग्ण लहान मूल, वृद्ध, गरोदर असेल तर लगेच दवाखाना. तिथे ‘मासे खाल्ले होते’ हे आवर्जून सांगा: व्हिब्रिओ शोधायला शौचाचा नमुना वेगळ्या माध्यमावर वाढवावा लागतो, न सांगितल्यास तो निसटू शकतो.

उरलेलं कालवण ओतून देऊ नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, वर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावा. कोणी काय, किती वाजता खाल्लं आणि त्रास कधी सुरू झाला, हे कागदावर लिहा. एकाच जेवणातले दोघे-तिघे पडले असतील तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. जेवण हॉटेलातलं असेल तर अन्न व औषध प्रशासनालाही, आणि बिल जपून ठेवा.