"हं" म्हणजे दिला नव्हे: गोल्फमधल्या छोट्या पटच्या या चुका टाळा

सव्वासात वाजले होते. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, दव अजून वाळलं नव्हतं. माझ्या चेंडूने दवातून काढलेली रेघ होलच्या डाव्या कडेला चाटून गेली होती आणि चेंडू दोन फूट पुढे थांबला होता. पुण्यातल्या आमच्या क्लबातली मॅच, तिसराच होल. समोरचे गृहस्थ माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, मान जराशी हलवली आणि म्हणाले, "हं." मी वाकून चेंडू उचलला.

"अहो, मी दिला नव्हता. तुमची पाळी आहे, एवढंच म्हणत होतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मॅचमध्ये पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचा फटका, समोरच्याने "दिला" की मारावा लागत नाही, चेंडू होलमध्ये गेला असं धरतात. चेंडू उचलला म्हणजे होल गेला, असा आमचा दोघांचाही समज. तो होल मी त्यांना दिला आणि पुढे मॅचही एका होलने गेली. घरी येऊन नियम वाचला तेव्हा कळलं की तो होल जायचं काहीच कारण नव्हतं. तेव्हापासून हा विषय माझ्या फार जवळचा आहे, कारण अशा प्रसंगी मित्र दुरावतात आणि दोघांपैकी कुणीच लबाडी केलेली नसते.

मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोर एकेक होल जिंकत खेळायच्या प्रकारात, प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका, अख्खा होल किंवा अख्खी मॅच सोडून देता येते. नियम ३.२ मध्ये हे सगळं आहे. त्यातली पहिली अट अशी की देणं स्पष्ट कळलं पाहिजे, शब्दांनी किंवा नि:संशय कृतीने. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. "आहेच तो", "हा काय चुकतोय", "चालेल", "बघा बरं", "हं" यातलं एकही वाक्य म्हणजे पट देणं नव्हे, आणि कानाला मात्र सगळी तशीच लागतात. ज्याला द्यायचा आहे त्याने "दिला, उचला" असं ग्रीनच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं. ज्याला घ्यायचा आहे त्याने शब्द नीट ऐकल्याशिवाय चेंडूला हात लावू नये.

पट मागू नये, हा संकेत सगळ्यांना माहीत असतो. होलकडे बघत उभं राहणं, पटर काखेत धरून समोरच्याचं तोंड न्याहाळणं हेही मागणंच. पण समोरचा काहीतरी पुटपुटला आणि नीट कळलं नाही, तर "काय म्हणालात?" असं विचारण्यात संकोच नको. तिथे तुम्ही पट मागत नाही, ऐकलेलं पक्कं करून घेता.

आणि तरीही गैरसमज झालाच तर? समोरच्याच्या बोलण्यावरून किंवा कृतीवरून पट दिला असं वाटणं साहजिक असेल, तर दंड नाही. चेंडू होता तिथे परत ठेवायचा आणि खेळायचं. तसं काहीच नसताना मार्क न करता (जागेवर नाणं वगैरे खूण न ठेवता) चेंडू उचलला, तर दंडाचा एक फटका, आणि चेंडू परत जागेवर. आपोआप होल जातो असं कुठेही लिहिलेलं नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो ते २०१५ च्या सोल्हाइम कपात, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांच्या लढतीत, दिसलं. जर्मनीत सेंट लिऑन-रोटला फोर-बॉलची (दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येकाचा आपला चेंडू, जोडीतला चांगला स्कोअर धरायचा) मॅच बरोबरीत, सतरावा होल. अमेरिकेच्या अॅलिसन लीचा पट चुकून चेंडू साधारण दीड फूट पुढे गेला. युरोपची चार्ली हल ग्रीनवरून चालू लागली होती, जोडीदार सुझान पेटरसनही बाजूला झाली होती. दिला असं समजून लीने चेंडू उचलला. पेटरसनने सांगितलं, आम्ही दिलेला नाही. लीला कुणीतरी तसं बोलल्याचा भास झाला होता, प्रत्यक्षात कुणी बोललं नव्हतं. दंडाचा फटका लागला, होल गेला आणि मॅचही गेली. निर्णय नियमाला धरून होता. तरी हल रडली, अमेरिकेचा संघ पेटून उठला आणि १०-६ अशा पिछाडीवरून १४½-१३½ ने कप घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर माफी मागितली.

माझ्या मते चूक दोन्हीकडची होती. लीने विचारायला हवं होतं, हे सगळेच म्हणतात. पण न दिलेला पट शिल्लक असताना ग्रीन सोडून चालू लागणं हेही चूकच. आपली पाठ पाहून समोरच्याने अर्थ काढला, तर त्याला सर्वस्वी दोषी कसं धरायचं? द्यायचा नसेल तर थांबा, चेंडूकडे तोंड करून उभे राहा. हवं तर म्हणा, "हा बघू या." त्यात उद्धटपणा काही नाही.

दुसरी चूक घाईची. २०१९ मध्ये ऑस्टिनला जागतिक मॅच प्ले स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत सर्जिओ गार्सियाचा सातव्या होलवरचा पट हुकला. उरलेला काही इंचांचा पट त्याने पटरच्या उलट्या बाजूने सहज ढकलला आणि तोही हुकला. समोरचा मॅट कुचर तो देणार होता, पण द्यायला वेळच मिळाला नाही. फटका मारून झाल्यावर पट देता येत नाही, कारण जो फटका द्यायचा तो होऊन गेलेला असतो. होल गेला, दोघांत कटुता आली, आणि मॅच कुचरने जिंकली. पट राहिला असेल तर एक श्वास घ्या आणि समोरच्याला बोलायला अवसर द्या. तो बोललाच नाही तर दोन्ही पाय नीट रोवून मारा. तीन इंच असले तरी.

उलट बाजूही नीट समजून घ्या. एकदा दिलेला पट परत घेता येत नाही आणि घेणाऱ्याला नाकारताही येत नाही. "नको, मी मारतोच" म्हणून मारला आणि चुकला, तरी तो होलमध्ये गेलाच असं धरतात. समोरचा "बघा, चुकला असता!" म्हणाला तरी काही फरक पडत नाही. फोर-बॉलमध्ये मात्र सांभाळा. तुमचा पट दिला गेल्यावरही तुम्ही तो मारलात आणि त्यामुळे जोडीदाराला ओळ (चेंडू कसा वळतो ते) दिसली, तर तुमचा स्कोअर राहतो पण जोडीदाराचा त्या होलचा स्कोअर धरला जात नाही. हौसेने मारलेल्या अशा पटमुळे जोडीदाराचा बर्डी (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) वाया जाऊ शकतो.

कॅडीबद्दलही, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाबद्दलही, स्पष्ट बोलायला हवं. पट देण्याचा अधिकार खेळाडूला किंवा फोर-बॉलमध्ये त्याच्या जोडीदाराला आहे, कॅडीला नाही. आपल्याकडचे कॅडी रोज डझनभर पट दिले जाताना बघतात. समोरच्यांचा कॅडी सवयीने "दिला साहेब" म्हणतो, किंवा आपलाच कॅडी चेंडू उचलून हातात देतो. पहिल्याचा शब्द ग्राह्य नाही, म्हणून मालकाकडून खात्री करून घ्या. दुसऱ्याने न दिलेला चेंडू मार्क न करता उचलला तर दंड तुम्हाला. पहिल्या टीवरच, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथेच, आपल्या कॅडीला शांतपणे सांगून ठेवा: मी म्हणेपर्यंत चेंडूला हात नको. त्याच्यावर नंतर ओरडणं अन्याय आहे.

आता ती गोष्ट जी ऐकून क्लबात बहुतेकांना धक्का बसतो. "पटरच्या ग्रिपच्या आत आला की दिला" (म्हणजे पटर होलपासून आडवा ठेवला तर मुठीच्या अलीकडे चेंडू आला की), असं सुरुवातीलाच ठरवून खेळणं रविवारच्या मैत्रीच्या खेळात चालतं. स्पर्धेच्या मॅचमध्ये चालत नाही. पट देताना नियमाने फक्त पुढचा एक फटका देता येतो. ठरावीक अंतरातले सगळे पट आधीच दिले असं ठरवणं म्हणजे नियम बाजूला ठेवायचा करार, आणि जाणूनबुजून केला तर दोघेही बाद. प्रत्येक पट त्या त्या वेळी, तोंडाने द्या.

आणि मेडलच्या दिवशी, म्हणजे सगळे फटके मोजायच्या स्ट्रोक प्लेमध्ये, देणं-घेणं हा प्रकारच नाही. होल संपवावाच लागतो. महिनाभर मित्रांनी दिलेले पट उचलत फिरायचं आणि मेडलला हात थरथरायला लागले की पटर बदलायचा, हे मी खूप पाहिलंय. पटरचा दोष नसतो, तीन फुटांचा पट मारायची सवयच राहिलेली नसते. दर फेरीच्या आधी होलभोवती तीन फुटांवर गोल करून सहा चेंडू ठेवा आणि सगळे पडेपर्यंत हलू नका. सरावाच्या खेळात आठवड्यातून एकदा तरी "आज कुणी कुणाला काही द्यायचं नाही" असं ठरवा.

सवयीने चेंडू उचललाच, तर पुढच्या टीवरून फटका मारायच्या आत परत या, दंडाचा एक फटका धरून चेंडू जागेवर ठेवा आणि पट मारा. शेवटच्या होलवर असाल तर स्कोअरकार्ड देण्याच्या आत. तो क्षण गेला की बाद. स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक होलला गुण मिळतात त्या प्रकारात, मात्र गुण मिळायची शक्यता संपली की उचलता येतो, वेळही वाचतो.

इंचभर पट म्हणजे काय, असं ज्याला वाटतं त्याने १९८३ ची ब्रिटिश ओपन आठवावी. रॉयल बर्कडेलला तिसऱ्या फेरीत हेल अर्विनने दोन इंचांवरचा चेंडू निष्काळजीपणे ढकलायला पटर फिरवला आणि तो चेंडूला लागलाच नाही. फटका मोजला गेला. शेवटी टॉम वॉटसन जिंकला, अर्विन एका फटक्याने मागे राहिला.

त्याच बर्कडेलला १९६९ मध्ये रायडर कपच्या अगदी शेवटच्या मॅचच्या शेवटच्या ग्रीनवर अमेरिकेच्या जॅक निकलॉसने स्वतःचा पट घातला आणि ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा मार्कर उचलून त्याच्या हातात दिला. दोन-तीन फुटांचा पट होता. तो चुकला असता तर अमेरिका सरळ जिंकली असती. निकलॉसने दिला आणि रायडर कप पहिल्यांदाच बरोबरीत सुटला, १६-१६. आधीचे विजेते म्हणून कप अमेरिकेकडेच राहिला. त्यांचा कर्णधार सॅम स्नीड यावर नाराज होता, पण लोकांना आजही आठवतं ते निकलॉसचं देणं. मला त्यातला स्पष्टपणा सर्वांत मोठा वाटतो. कुणाला शंका राहावी असं काही उरलंच नाही.

म्हणून प्रत्येक पट द्यावा असं मात्र नाही. २०१५ च्या प्रेसिडेंट्स कपात (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग), दक्षिण कोरियात, पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीसमोर अठराव्या होलवर जेमतेम चार फुटांचा पट होता. अमेरिकेच्या क्रिस कर्कने नुकताच पंधराएक फुटांचा पट घातला होता. कर्कने दिला नाही, आणि देणार तरी कसा? लाहिरीचा चेंडू कडेला फिरून बाहेर आला, मॅच गेली आणि अमेरिका १५½-१४½ ने जिंकली. मन फार हळहळलं, पण कर्कला दोष देता येत नाही. समोरच्याने दिला नाही म्हणून तोंड पाडणं, "एवढाही देत नाही?" असं कॅडीला ऐकवणं, हे वाईट दिसतं. मात्र पंधरा होलपर्यंत दोन-दोन फुटांचे पट उदारपणे द्यायचे आणि सोळाव्यापासून एकदम गप्प व्हायचं, हे नियमात बसत असलं तरी मला पटत नाही. पहिल्या होलवर जो पट मारायला लावला असता, तोच अठराव्यावर मारायला लावा.

हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) स्कोअर लिहिताना दिलेला पट मोजायला विसरू नका. ग्रीनवर पाच फुटांच्या आत असाल तर एक फटका मिळवायचा. त्याहून लांबचा पट दिला गेला, तर वीस यार्डांपर्यंत दोन किंवा तीन, खेळाच्या अंदाजाने.

वाद झालाच तर ग्रीनवर आवाज चढवू नका. पंच नसेल तर दोघांनी मिळून तोडगा काढता येतो आणि प्रामाणिकपणे काढलेला तोडगा नंतर नियमाविरुद्ध निघाला तरी कायम राहतो. माझा तिसरा होल म्हणूनच परत मिळाला नाही. पटत नसेल, तर पुढच्या टीवरून कुणीही फटका मारायच्या आत समितीचा निर्णय हवा असं सांगून ठेवायचं आणि खेळत राहायचं. त्या सकाळी यातलं काहीही करावं लागलं नसतं. चेंडूची रेघ दवात समोरच होती, तो होता तिथे परत ठेवायला दहा सेकंद लागले असते.