जुनं रंधा मशीन घरी आणलंय? मग या चुका टाळा

घरी सुतारकाम करणारे आता वाढलेत, खूप छान गोष्ट आहे, आणि एखादी वखार किंवा फर्निचरचा कारखाना बंद झाला की बिडाचं जुनं रंधा मशीन (फळी सरळ करणारं, दोन टेबलं आणि मधे फिरणाऱ्या ब्लॉकवर पाती) भंगाराच्या भावात मिळतं हेही सगळ्यांना कळलंय. पण मशीन घरी आल्यावर पहिल्याच रविवारी लोक त्याचं जे काही करतात ते बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट म्हणजे टेबलावर ग्राइंडर फिरवणं. ओळखीतल्या एका पोराने ९ इंची मशीन घेतलं, टेबलावर तांबडा गंज चढलेला. त्याने ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) लावून तासाभरात टेबल चकचकीत केलं आणि मला कौतुकाने फोटो पाठवला. आठ दिवसांनी फोन, काका, दोन फळ्या एकमेकींना लावल्या की मधून उजेड दिसतो. गेलो, टेबलावर सरळपट्टी उभी धरली, मागून बॅटरी मारली, तर जिथे गंज जास्त तिथेच डिस्क जास्त वेळ थांबलेली आणि तिथे फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) ०.४० मिमीची पट्टी आरामात आत गेली. अशा टेबलावर फळी सरळ निघणारच नाही, पात्यांना कितीही धार लावा. शेवटी दोन्ही टेबलं उतरवून सरफेस ग्राइंडिंगला (मशीनवर घासून सपाट करायला) न्यावी लागली, मशीनला मोजले त्याच्या निम्मे पैसे तिथेच गेले.

माझी सवय अशी की टेबलावर डिझेल लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी खरवडायचं पातं जवळजवळ आडवं धरून गंजाचा थर ओढायचा, मग सपाट ठोकळ्याला ३२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून परत डिझेल लावून घासायचं. खाली काळपट ठिपके राहतात, राहू देत. फळी त्या खड्ड्यांत उतरत नाही, वरच्या वर सरकते. शेवटी मेण. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की तिथे पॉलिश धरत नाही.

मशीन खोलताना फोटो न काढणं. टेबलाच्या सरकपट्टीखाली कधी कधी कागदाएवढे पातळ पितळी पत्रे असतात, कुणीतरी मोजून बसवलेले. लोक ते कचरा म्हणून झाडून टाकतात.

बेअरिंग ठोकून बसवणं. नंबर तर अंगावरच लिहिलेला असतो, ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिमी, ६२०५ म्हणजे २५, शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले की त्यांना ५ ने गुणायचं. पण बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की तो दणका गोळ्यांतून जातो, रिंगेत बारीक खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरायला लागते. शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या रिंगला टेकेल असा पाइपचा तुकडा शोधा, नसेल मिळत तर काम उद्यावर टाका.

मोटरचं मात्र ऐका, इथे घाई फार महागात पडते. कारखान्याची मोटर थ्री फेज, घरात सिंगल फेज. कॅपॅसिटर लावून फिरवायचा जुगाड सगळे सांगतात, मोटर फिरते पण ताकद राहत नाही, रुंद सागवान आलं की दमते आणि तापते. मी व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह) लावतो. तो आत सिंगल फेज घेऊन बाहेर २३० व्होल्टचे तीन फेज देतो, म्हणून मोटरच्या पाटीवर २३०/४०० किंवा २४०/४१५ असं असेल तर मोटरवरच्या डब्यातल्या पट्ट्या स्टारच्या डेल्टा (आतल्या वेटोळ्यांच्या जोडणीच्या दोन पद्धती) कराव्या लागतात. नुसत्या तीनच वायरी बाहेर आल्या असतील तर बहुतेक स्टारचा जोड आतच असतो, तो रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्या, स्वतः उकरू नका. अर्थिंग हवंच. आणि बेल्ट चढवायच्या आधी मोटर कुठल्या दिशेला फिरते ते बघा.

रंग सगळ्यात शेवटी. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, मास्क लावा आणि ओलं करून खरवडा.

पाती बसवल्यावर मागच्या टेबलावर लाकडाची सरळ काठी ठेवून ब्लॉक हाताने फिरवा, प्रत्येक पातं काठीला दोन्ही टोकांना सारखंच, साधारण ३ मिमी पुढे ओढतं का बघा. मेन स्विच बंद ठेवून.

आणि गार्ड, म्हणजे पात्यांवरचं झाकण. वखारीतून आलेल्या मशीनला तो बहुतेक नसतोच, कधीतरी काढून कोपऱ्यात टाकलेला असतो आणि तिथेच राहतो. १२ मिमी प्लाय आणि एका स्प्रिंगमध्ये दुपारभरात होतो. तो बसेपर्यंत माझ्याकडे मशीनला बेल्ट चढत नाही, कितीही कुणी बघायला आलेलं असो.