भरीत खायला जळगावला जाताय? मग थंडीतच जा

खान्देशात भरीत खायचं तर डिसेंबर-जानेवारी गाठा. उन्हाळ्यातही हॉटेलात भरीत मिळतं, पण ती चव नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, पांढरट रेघांचं आणि चांगलं हातभर मोठं असतं.

बाजारात दोन सारखी वांगी दोन्ही हातांत धरून बघा. हलकं लागेल ते घ्या, त्यात बी कमी निघतं. देठ हिरवागार हवा. शक्य असेल तर ओळखीच्या कुणाच्या शेतात काड्यांच्या जाळावर भाजा. घरी गॅसवर भाजायचं तर आधी चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं. भाजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. सोलताना पाण्याखाली मात्र धरू नका! धुराचा सगळा वास वाहून जातो, आणि भरीत म्हणजे तो वासच.

मिक्सर नको. आमच्याकडे लाकडी बडजीत ठेचतात, खलबत्ताही चालेल. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचा, वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. टोमॅटो आम्ही घालत नाही.

सोबत कळण्याची भाकरी मागा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली ही भाकरी गरम असतानाच खायची, गार झाली की कडक होते. घरी परतताना वांगी न्यायची असतील तर कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून देठ काळे पडतात.