मेकॅनिकल प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? आधी इंच-डाया मोजायला शिका

डिग्री हातात पडल्या पडल्या ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ असं लिहिलेली नोकरी शोधू नका. त्या नावाखाली पहिली दोन वर्षं बहुतेकदा एक्सेल भरण्यात आणि मीटिंगचे मिनिट्स लिहिण्यात जातात. मग साइटवरचा जुना फोरमन एका वाक्यात तुम्हाला गुंडाळतो आणि तुम्हाला कळतही नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं फॅब्रिकेशन शॉप नाहीतर इरेक्शन साइटवर काढा. रबाळे, महापे, तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर या एमआयडीसी पट्ट्यांत प्रेशर व्हेसल, पाइपिंग, स्ट्रक्चर करणारे छोटे-मोठे फॅब्रिकेटर आहेत. माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये शटडाउनची (प्लांट बंद ठेवून करायची) कामं निघतात. बीकेसी, लोअर परळच्या टॉवरमध्ये एचव्हीएसी (वातानुकूलन) आणि फायर फायटिंगची. पगार थोडा कमी असला तरी छोटा फॅब्रिकेटर शिकायला बरा, कारण तिथे ड्रॉइंग, मटेरियल, वेल्डर आणि बिल हे चारही एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

घर आणि साइट यांतलं अंतर मात्र आधी बघा. हॉट वर्क परमिटवर (वेल्डिंग-कटिंगच्या परवान्यावर) सकाळी सही होते. तुमची लोकल चुकली आणि परमिट तासभर लांबलं, तर बारा माणसांची गँग तेवढा वेळ बसून राहते, हजेरी मात्र पूर्ण लागते.

साइटवर पहिली शिकायची गोष्ट म्हणजे काम कशात मोजतात. पाइपिंगचं वेल्डिंग इंच-डायात मोजतात: सहा इंची लाइनचा एक जॉइंट म्हणजे सहा इंच-डाया. समजा काम २,४०० इंच-डायाचं आहे, सहा वेल्डर आहेत आणि प्रत्येकी दिवसाला २० धरले. रोज १२० झाले, म्हणजे २० दिवसांत काम संपलं. प्लॅनिंगवाला हेच शेड्यूलमध्ये टाकतो आणि इथेच फसतो. एक वेल्डर गावी जातो, परमिट उशिरा येतं, रेडिओग्राफीत जॉइंट रिजेक्ट होऊन रिपेअरला येतो. प्रत्यक्षात ६० टक्केच निघाले तर रोजचे ७२ होतात आणि तेच काम ३४ दिवसांवर जातं. त्यातही खरा अडथळा बऱ्याचदा वेल्डर नसतो, फिटर असतो. फिट-अप (वेल्डिंगआधी पाइपची टोकं जुळवून बसवणं) तयार नसेल तर वेल्डर चहा पीत बसणार. म्हणून रोजच्या डीपीआरमध्ये (दैनंदिन प्रगती अहवालात) वेल्ड झालेले जॉइंट आणि फिट-अप झालेले जॉइंट असे दोन वेगळे कॉलम ठेवा. दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे पळत नसेल, तर येत्या दोन-तीन दिवसांत प्रोग्रेस पडणार हे आजच कळतं.

हायड्रोटेस्ट, म्हणजे लाइनमध्ये पाणी भरून दाबाची चाचणी, स्वतः उभं राहून करा, निदान दहा-बारा. एएसएमई बी३१.३ या पाइपिंग कोडप्रमाणे टेस्ट प्रेशर डिझाइन प्रेशरच्या किमान दीडपट. म्हणजे १० बारची लाइन १५ बारवर, आणि डिझाइन तापमान जास्त असेल तर त्यासाठी या आकड्यात वेगळी सुधारणा. प्रेशर किमान १० मिनिटं धरायचं आणि त्यानंतर प्रत्येक जॉइंट पाहायचा. उंच जागी व्हेंट उघडून हवा काढली नाही तर काटा हलत राहतो आणि गळती नसताना गळती शोधण्यात दुपार जाते. कंट्रोल व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन बेलो आधी काढून घ्या नाहीतर ब्लाइंड (बंद चकती) मारून वेगळे करा. गेज दोन लावा, दोन्ही कॅलिब्रेशनच्या तारखेतले. तारीख गेलेली निघाली तर इन्स्पेक्टर टेस्ट बघायला थांबतच नाही. स्टेनलेस स्टीलच्या लाइनला पाण्यातलं क्लोराइड साधारण ५० पीपीएमच्या आत लागतं. खाडीकाठच्या साइटवर टँकरने आलेलं बोअरचं पाणी बेलाशक भरू नका, आधी रिपोर्ट मागा. खारट पाणी आत राहिलं तर पाइपला काही महिन्यांनी बारीक तडे जातात आणि त्या वेळी तुमचं बिल अडकलेलं असतं.

तीनेक वर्षांनी प्लॅनिंग किंवा एक्स्पिडायटिंगला (मागवलेला माल वेळेत यावा म्हणून पाठपुरावा) जा. प्रायमावेरा किंवा एमएस प्रोजेक्ट ही शेड्यूलची सॉफ्टवेअर शिकायला महिना-दोन महिने पुरतात. खरं शिकायचं असतं ते खरेदीतल्या तारखांचं गणित. पंपाची डिलिव्हरी ‘१६ आठवडे’ असं कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं. ते १६ आठवडे पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) तारखेपासून धरणारे खूप आहेत. बारीक अक्षरात बहुतेकदा ‘ड्रॉइंग अप्रूव्हलपासून’ असं असतं. व्हेंडरने ड्रॉइंग द्यायला तीन आठवडे, तुमच्या ऑफिसने शेरे मारायला दोन, सुधारून परत यायला दोन: सात आठवडे पंपाच्या कास्टिंगला हात लागण्याआधीच गेले. पीओ काढतानाच ड्रॉइंग द्यायची तारीख आणि आपण किती दिवसांत परत करणार ती तारीख, दोन्ही लिहून घ्या. क्यूएपीमध्ये (गुणवत्ता तपासणीच्या आराखड्यात) होल्ड पॉइंट कुठे आणि विटनेस कुठे हेही तेव्हाच ठरवा. होल्ड पॉइंटला इन्स्पेक्टर आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, विटनेसला त्याला बोलावतात पण काम अडत नाही. विनाकारण होल्ड वाढवले की व्हेंडरला उशिराचं कारण आपणच हातात देतो.

मुंबईचा पाऊस शेड्यूलमध्ये ‘मान्सून’ अशी एक ओळ टाकून भागत नाही. रंगाचंच घ्या. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली किंवा पोलादाचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम नसला, तर पेंटिंग थांबवावं लागतं. जुलैत उघड्यावर असे कोरडे तास मोजकेच मिळतात, आणि ब्लास्टिंग केलेला (ग्रिटचा मारा करून गंज काढलेला) पाइप रात्रभर राहिला की सकाळी तांबूस झालेला. म्हणून ब्लास्टिंग-प्रायमर शेडमध्ये उरकून घ्या आणि साइटवर फक्त जॉइंटचा टचअप ठेवा. खोदकाम आणि मोठ्या क्रेनची लिफ्ट मेअखेरपर्यंत संपवा. ओल्या भरावावर क्रेनचा आउटरिगर (आधाराचा पाय) खचला की खलाशांचा (जड माल उचलणाऱ्या गँगचा) मुकादम काम बंद करतो, आणि त्याचंच बरोबर असतं.

पुढची पायरी पैशाची, आणि इंजिनिअर इथेच कच्चे राहतात. करारात एलडी (उशिराबद्दलचा दंड) बऱ्याचदा आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के असते. २ कोटींच्या कामावर आठवड्याला १ लाख, जास्तीत जास्त १० लाख. ग्राहकाने फाउंडेशन उशिरा दिलं तर ते करारातल्या मुदतीत लेखी कळवा. फोनवर बोललेलं शेवटच्या बिलाच्या वेळी कुणालाच आठवत नाही. महिनाअखेरीला तीन आकडे काढा. ४० लाखांचं काम ठरलं होतं, ३२ लाखांचं झालं, खर्च ३६ लाख. एसपीआय (झालेलं काम भागिले ठरलेलं काम) ०.८, सीपीआय (झालेलं काम भागिले खर्च) ०.८९. यार्डात येऊन पडलेला पाइप ‘झालेलं काम’ म्हणून धरू नका, नाहीतर सुरुवातीचे तीन महिने एसपीआय गोड दिसतो आणि चौथ्या महिन्यात डायरेक्टरसमोर घाम फुटतो.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) सर्टिफिकेट कधी? चार वर्षांच्या डिग्रीनंतर प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यामुळे पाचव्या-सहाव्या वर्षाआधी घाई नको. परदेशी ग्राहक असलेल्या ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि बांधकाम एकत्र घेणाऱ्या) कंपन्यांत त्याचा उपयोग होतो, लहान फॅब्रिकेटरकडे कोणी विचारत नाही. मिळाल्यावर दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) भरावे लागतात, तेवढी तयारी ठेवा.

बायोडेटात ‘टीम लीड केली’ असं लिहिण्यापेक्षा कामाचं माप लिहा: किती इंच-डाया, किती टन स्ट्रक्चर, किती टेस्ट पॅकेज (एकत्र टेस्ट होणाऱ्या लाइनींचे गट), किती दिवस ठरले होते आणि किती लागले. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात: पंप सहा आठवडे लेट आहे, काय कराल? ‘व्हेंडरचा फॉलोअप घेईन’ हे उत्तर फ्रेशरचं. अनुभवी माणूस आधी विचारतो की पंपाचं फाउंडेशन बोल्ट ड्रॉइंग आणि नोझलची मापं आली आहेत का. ती असली तर सिव्हिल थांबत नाही, पाइप स्पूल (आधीच जोडून तयार केलेले पाइपचे भाग) शॉपमध्ये बनतात, पंपाशेजारचा शेवटचा एक स्पूल फील्ड वेल्डसाठी १५० मिलिमीटर जास्त लांब ठेवतात, आणि पंप आल्यावर अलाइनमेंट करून तो कापून जोडतात.