निवडणूक संपली, आता समर्थकांच्या ग्रुपचं काय करायचं?

१० मार्च २०२२, गोवा विधानसभेच्या निकालाचा दिवस, दुपारी बाराच्या आधीच आमच्या ग्रुपवर शांतता. आमचा माणूस पडला होता. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर २५६ च माणसं मावायची, आमचा ग्रुप जवळजवळ भरलेला, आणि रात्रीपर्यंत ‘लेफ्ट’ ‘लेफ्ट’ ‘लेफ्ट’ अशी रांग लागली ती साठ-सत्तर जण गेल्यावरच थांबली. एकाने मला फोन करून सांगितलं, दादा, डिलीट मारून टाक, आता काय उपयोग. मी मारला नाही. २०१७ पासून हा ग्रुप सांभाळतोय, डिचोली तालुक्यातला, पक्षाचं नाव सांगत नाही कारण खाली लिहिलंय ते कुठल्याही पक्षाला चालेल. २०२७ जवळ आलंय, नवे ग्रुप धडाधड निघतील, म्हणून लिहितोय.

पहिलं काम, निकालानंतर आठवड्याभरात ग्रुपचं नाव बदला. जिंकलात तरी बदला. ‘अमुकबाब समर्थक’ असं नाव आणि त्यांचाच हात जोडलेला फोटो डीपीला असेल तर ग्रुपचं आयुष्य त्या माणसाच्या मूडवर राहतं, आणि आपल्या गोव्यात मूड किती टिकतो ते वेगळं सांगायला नको. १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार एका दिवसात भाजपमध्ये गेले. त्या मतदारसंघांतल्या कार्यकर्त्यांनी त्या संध्याकाळी ग्रुपवर काय लिहायचं? निशाणी कुठली लावायची? गावाचं नाव द्या, वाड्याचं द्या, ते पक्षांतर करत नाही.

दुसरं, उमेदवाराला अ‍ॅडमिन करू नका. मेंबर म्हणून राहू दे. अ‍ॅडमिन तीन तरी हवेत, वेगवेगळ्या वाड्यांवरचे, त्यात एखादी बाई असलीच पाहिजे (बायका असल्या की रात्री अकरानंतरचे घाणेरडे जोक आपोआप बंद होतात, अनुभव आहे) आणि जमलं तर एक आखातात नोकरीला असलेला, कारण तो गावात नसल्यामुळे भांडणात कोणाचा नसतो. अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात, पोलीस केस होईल म्हणून. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय की मेंबरने टाकलेल्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे. आपलं हायकोर्टही तेच. तरी घाण दिसली की उडवायची, तेवढं काम करायचंच.

आता मुख्य गोष्ट, वही. हो, वहीच, कागदाची. प्रचाराच्या दोन महिन्यांत तुम्हाला जी माहिती मिळते ती पुढची पाच वर्षं कोणाला मिळत नाही: कोण कुठल्या बूथवर, कोणाकडे पिकअप आहे, कोण वायरमन, कोणाकडे जनरेटर, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाचा रक्तगट काय. निकाल लागला की हे सगळं फोनमध्ये मरून जातं. ते मरायच्या आधी विचारून विचारून लिहून काढा, ज्याला नको असेल त्याचं लिहू नका.

२३ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल. सकाळी उजाडायच्या आधी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला, नदीकाठच्या एका घरातला, मागे पाण्याचा आवाज आणि बाई एवढंच म्हणतेय, ‘चुलीपर्यंत आलं, चुलीपर्यंत आलं’. मी वही काढली, त्यात पिकअपवाले चार, दोघांचे फोन बंद, तिसऱ्याची गाडी गॅरेजात. चौथा होता तो २०१७ ला आमच्याबरोबर प्रचार करून नंतर समोरच्या पक्षात गेलेला, ग्रुपही सोडलेला. नंबर मात्र वहीत होता. त्याला फोन केला तर म्हणाला, गाडी काढलीसुद्धा, तू ताडपत्री बघ. त्या दिवशी गाद्या, शाळेची दप्तरं, एक शिलाई मशीन आणि दोन शेळ्या अशी त्याने संध्याकाळपर्यंत वाहतूक केली आणि मशीनवर पाणी पडू नये म्हणून आपला रेनकोट काढून त्याच्यावर टाकला. मतदान तो अजूनही तिकडेच करतो.

ही वही कोणालाही द्यायची नाही. उमेदवारालाही नाही. दर निवडणुकीच्या आधी कोणीतरी येतो, चहा पाजतो आणि हळूच म्हणतो ‘ती लिस्ट जरा फॉरवर्ड कर ना’. नाही म्हणायचं. लोकांनी रक्तगट तुम्हाला सांगितलाय, पार्टीला नाही.

ग्रुपला वर्षभर काम पाहिजे नाहीतर गुड मॉर्निंगची फुलं उगवतात. काम शोधायला लांब जावं लागत नाही. ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या रविवारी असते, नोटिशीचा फोटो आठवडाभर आधी टाका आणि तिथे कोण काय विचारणार ते ठरवा, दहा जणांनी एकाच वेळी ओरडण्यापेक्षा एकाने कागद धरून विचारलेलं इतिवृत्तात येतं. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरं काम मतदार यादी. नवीन नावाला फॉर्म ६, नाव काढायला ७, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला ८. आता १८ वर्षं पूर्ण झाल्याची तारीख वर्षातून चार वेळा धरतात त्यामुळे दर तीन महिन्यांनी एक मेसेज टाकला की पुरे. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं सगळ्यात जास्त राहून जातात.

अमेरिकेत हॉवर्ड डीन म्हणून एक जण २००४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला, इंटरनेटवरून प्रचंड समर्थक जमवले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीतच हरला. पण त्या समर्थकांनी दुकान बंद केलं नाही, डेमोक्रसी फॉर अमेरिका नावाने पुढे बरीच वर्षं छोट्या छोट्या निवडणुकांत माणसं उभी केली, आणि डीन २००५ ला पक्षाचा अध्यक्ष झाला. त्यांच्याकडेही शेवटी होती ती याद्या आणि ओळखीच.

सगळ्यात धोक्याचा काळ विधानसभा नाही, पंचायत. आपल्याकडे पंचायत निवडणूक पक्षाच्या निशाणीवर नसते, म्हणून एकाच ग्रुपमधले दोघे एकाच वॉर्डात पंच व्हायला उभे राहतात, वर दोघेही ‘ग्रुपचा पाठिंबा’ मागतात. ऑगस्ट २०२२ ला आमचा ग्रुप यावरून फुटायच्या बेतात होता. उपाय एकच, अर्ज भरल्या दिवसापासून निकालापर्यंत ‘फक्त अ‍ॅडमिन’ करून ठेवा, लाइट गेल्याचा मेसेज तेवढा टाका, ज्याला प्रचार करायचाय त्याने आपला वेगळा ग्रुप काढावा.

नियम फार करू नका. डबल बाणवाले फॉरवर्ड नकोत, मयताची बातमी घरच्यांना विचारल्याशिवाय नको, बस. आणि मराठी-कोकणी वाद सुरू झाला तर त्यात अ‍ॅडमिनने पडू नये, राजभाषा कायदा होऊन १९८७ पासून जे मिटलं नाही ते आपल्या ग्रुपवर रात्री साडेअकराला मिटणार नाही.

सोडून गेलेल्यांना परस्पर अ‍ॅड करू नका, राग येतो. फोन करा, नाहीतर थांबा. आमचे चाळीसेक जण परत आले, त्यातले बरेचसे चवथीच्या आठवड्यात, लिंक मागून. माटोळीचे (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात ती) फोटो बघायचे होते त्यांना, कोणी यंदा काय काय बांधलंय ते.