स्लो कुकर बिघडला? टाकून देण्याआधी आणि त्याचं दुसरं काही करण्याआधीसुद्धा या चुका टाळा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत स्लो कुकर, म्हणजे जाड सिरॅमिकच्या भांड्यात तासन्‌तास मंद शिजवणारा विजेचा कुकर, असतोच, कोणी ब्लॅक फ्रायडेला घेतलेला, कोणाला मित्रांनी मूव्ह होताना देऊन टाकलेला, आणि हल्ली पुण्या-मुंबईतही बऱ्याच घरांत तो बॅगेतून आलेला दिसतो. आणि एक दिवस तो तापायचा बंद होतो. मग दोनच गोष्टी होतात, एकतर सगळा डबा उचलून कचऱ्यात, नाहीतर यूट्यूबवर व्हिडिओ बघून त्याच्या वायरी काढून काहीतरी भलतंच जुगाड. दोन्ही बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातलं भांडं पुढची वीस वर्षं सहज कामाला येईल असं असतं आणि वायरी मात्र एक दिवसही वापरू नयेत अशा असतात. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी तो खरंच मेलाय का ते बघा

अमेरिकन किचनमध्ये सिंकजवळच्या सॉकेटला ते छोटं रीसेटचं बटण असतं ना, ते ट्रिप झालेलं असतं आणि आपण कुकरला दोष देतो. दुसऱ्या सॉकेटला लावून बघा. लाइट लागतोय पण तापत नाहीये तर मग आतला हीटर किंवा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा छोटा भाग) गेलेला असू शकतो. आणि नुसतं भांडंच फुटलं असेल, बेस नीट तापत असेल, तर बेस उलटा करून खालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर बघा, त्या नंबरचं नुसतं भांडं बऱ्याचदा मिळतं, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, तर सुटी भांडी पडलेलीच असतात. पण नवीन भांडं येईपर्यंत बेसमध्ये डायरेक्ट पाणी किंवा आमटी ओतायची नाही, हीटर त्या पत्र्याच्या मागेच कडेने गुंडाळलेला असतो.

भारतात आणलेल्या कुकरचं वेगळंच. तो १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. तो दहा डॉलरचा ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही बदलत, आणि व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की त्याच हीटरमधून साडेतीन पटीहून जास्त पॉवर जाते, म्हणजे २४० वॉटचा कुकर आठशेच्या वर वॉट ओढायला लागतो. तो जळणारच. आणि असा जळलेला कुकर 'थोडा वास येतोय पण चालतोय' म्हणून पुन्हा लावून बघणं ही मोठी चूक, एकदा असं झालं की त्याच्या वायरीवरचं कव्हर कुठे वितळलंय ते बाहेरून कळत नाही.

अर्धवट तापणारा कुकर 'दह्यासाठी चालेल' म्हणून ठेवणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते. नीट चालणारा कुकर तपासायची साधी पद्धत आहे, अर्ध्याच्या वर पाणी भरा, झाकण लावून लो वर आठ तास ठेवा आणि लगेच थर्मामीटर लावा, पाणी ८५ ते ९३ डिग्री सेल्सियसच्या आसपास हवं. त्याच्या खूप खाली असेल तर त्यात जेवण शिजवू नका. ४ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू वाढतात, आणि आपण तर त्यात राजमा टाकतो. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं, ते खळखळ उकळल्याशिवाय जात नाही, चांगल्या स्लो कुकरमध्येसुद्धा राजमा आधी भिजवून, ते पाणी टाकून, वेगळा उकळून मगच घालायचा असतो. अर्धमेल्या कुकरमध्ये तर तो नकोच.

दह्यासाठी म्हणाल तर विजेची गरजच नाही. नुसतं भांडं घ्या. ते जाडजूड असतं, एकदा कोमट झालं की ऊब धरून ठेवतं, आणि न्यू जर्सीच्या जानेवारीत हेच पाहिजे असतं. नळाचं गरम पाणी भांड्यात भरून दहा मिनिटं ठेवायचं, ओतून टाकायचं, कोरडं पुसायचं, मग बोट बुडवल्यावर चटका न बसणारं दूध, थर्मामीटर असेल तर ४३ डिग्रीच्या आसपास, त्यात विरजण नीट घुसळून घालायचं. काचेचं झाकण, वरून जुना टॉवेल गुंडाळायचा आणि बंद ओव्हनमध्ये फक्त लाइट लावून ठेवायचं. सकाळी सुरीने कापता येईल असं दही मिळतं. त्यात अजिबात हलवाहलवी करू नका, अर्ध्या रात्रीत झाकण उघडून बघायची हौस आवरा.

डोशाचं पीठही यात मस्त येतं. सहा क्वार्टचं भांडं म्हणजे साडेपाच लिटरच्या वर, तरी निम्म्याच्या वर भरू नका, पीठ फुगून झाकण उचलतं आणि मग ओव्हनच्या तळाशी वाळलेलं पीठ खरवडत बसावं लागतं.

भांड्याला तडा आहे का न बघताच त्यात खायचं ठेवणं

बाजारात माठ घेताना वाजवून घेतो तसं हेही वाजवून घ्या. लाकडी चमच्याने कडेवर हलकेच मारा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे. तरी खात्री नसेल तर पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी ओला डाग दिसला की कळलं. आतल्या चकचकीत थरावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं दिसत असेल, चहाने किंवा हळदीने त्या रेषा रंगून आल्या असतील, किंवा कडेचा टवका उडालेला असेल, तर ते भांडं खाण्यासाठी बाद. ते कुंडीला ठेवा.

लोणच्याबद्दल मला खूपजणी विचारतात, की ही चिनी मातीसारखीच तर बरणी आहे मग कैरीचं लोणचं घालू का. माझं उत्तर नाही असंच आहे. एकतर झाकण हवाबंद नसतं आणि तोंड प्रचंड मोठं, वर्षभराच्या लोणच्याला बुरशी येणार. दुसरं म्हणजे आंबट आणि खारट पदार्थ महिनोन्‌महिने ग्लेझला, म्हणजे त्या चकचकीत थराला, लागून राहणं चांगलं नाही, जुन्या आणि कुठली आहेत ते माहीत नसलेल्या भांड्यांच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबटाने ते सुटतं. भांडं नवीन, चांगल्या कंपनीचं, बिनतड्याचं असेल तर फोडी मीठ-हळद लावून एक-दोन दिवस ठेवायला वापरा, मग काचेच्या बरणीत भरा. थ्रिफ्ट स्टोअरमधून आणलेल्या जुन्यात चिंच, लिंबू, टोमॅटो काहीच ठेवू नका.

गॅसवर ठेवणं

कृपा करून नको. गॅस, कॉइल, इंडक्शन, काहीच नाही. स्लो कुकरमध्ये भांडं कडेने हळूहळू तापतं, ज्योत एकाच जागी आणि झटकन तापवते, तो ताण स्टोनवेअर, म्हणजे या भांड्याची भाजलेली माती, सहन करत नाही, एका मिनिटात दोन तुकडे आणि गरम डाळ सगळ्या ओट्यावर. ओव्हनमध्ये मात्र बरीचशी भांडी चालतात, कित्येकांच्या पुस्तिकेत ४०० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण २०० सेल्सियस, असं लिहिलेलं असतं, तुमच्या मॉडेलचं बघून घ्या. काचेचं झाकण न लावता, ब्रॉयलर (ओव्हनमधला वरून तापवणारा हीटर) न लावता, आणि भांडं रूम टेंपरेचरला असताना. फ्रीजमधून काढून सरळ गरम ओव्हनमध्ये गेलं की तडकलंच समजा. बाहेर काढल्यावरही गार ग्रॅनाइटवर किंवा ओल्या फडक्यावर टेकवू नका, खाली लाकडी पाट घ्या. एवढं सांभाळलं तर त्यात दम बिर्याणी काय सुंदर होते, जाड भांड्यामुळे भात कडेला करपत नाही आणि टेबलावर तासभर गरम राहते.

कुंडी करताना घाईघाईने भोक पाडणं

भिंतीला वापरतो ते हॅमर मोडवर लावलेलं ड्रिल मारलं की भांडं फुटतं, संपलं. हॅमर बंद, स्पीड कमी, आणि डायमंड लावलेलं गोल बिट घ्या, टाइलवाल्यांकडे असतं ते, १० किंवा १२ मिलिमीटरचं. भांडं उलटं करून जाड टॉवेलवर ठेवा. तळाची बाहेरची बाजू बऱ्याच भांड्यांना खरखरीत, ग्लेझ नसलेली असते, तिथे मास्किंग टेप चिकटवून बिट थोडं तिरकं धरून आधी एक खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. सतत थोडं थोडं पाणी घालत राहा, त्याने बिट जळत नाही आणि ती बारीक धूळ उडून छातीत जात नाही, तरी मास्क लावाच. पाणी असल्यामुळे ड्रिल बॅटरीचं वापरा, वायरवालं नको. शेवटी शेवटी जोर अगदी कमी करा, भोक आरपार जातानाच आतला टवका उडतो. पाच-सात मिनिटं लागली तरी लागू द्या.

उथळ असल्यामुळे पुदिना, मेथी, कोथिंबीर छान येतात, कढीपत्ता नको, त्याला खोल कुंडी लागते. आणि थंडीच्या देशात असाल तर ऑक्टोबरमध्येच आत घ्या, ओली माती गोठून फुगते आणि भांडं फोडते.

भोक पाडायचंच नसेल तर आत प्लास्टिकची नर्सरीची कुंडी ठेवा, पण तळाशी पाणी साठू देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, आतून घासायचं.

काचेच्या झाकणाला भोक पाडणं किंवा ते कापणं

हल्लीची बहुतेक झाकणं टेम्पर्ड काचेची असतात, ड्रिल लागलं की क्षणात त्याचे शेकडो बारीक तुकडे होतात. त्यामुळे झाकण जसं आहे तसंच वापरायचं. वरची मूठ तुटली असेल तर भांड्यांच्या दुकानात स्क्रूसकट मिळते. गोल झाकण एखाद्या कढईला किंवा पातेल्याला बसतं, लांबट असेल तर बसत नाही, मग ते भिजत घातलेल्या मोडांवर ठेवा, वाळवणावर ठेवा. गरम झाकण नळाखाली धरू नका एवढंच.

वायर, हीटर आणि स्विच दुसरीकडे वापरणं

इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. हीटरची तार काढून थर्माकोल कापायचं यंत्र, पिल्लांसाठी ऊब देणारा डबा, बाथरूमचा हीटर, असले व्हिडिओ खूप आहेत. ती तार उघडी असते, सरळ घरातल्या मेन लाइनला जोडलेली, हात लागला तर शॉक आणि कागद लागला तर आग. कॉर्ड पण तशीच, ती दोन-तीनशे वॉटसाठी केलेली बारीक कॉर्ड, बहुतेक वेळा अर्थिंग नसलेली, ती इस्त्रीला किंवा किटलीला जोडली की वायरच गरम व्हायला लागते.

थर्मल फ्यूजचं तर विशेष सांगते. तो उडाला म्हणून त्याच्या जागी साधी तार जोडून कुकर चालू करणारे लोक आहेत. तो एकच भाग आग लागू नये म्हणून तिथे बसवलेला असतो. बदलायचाच असेल तर त्याच रेटिंगचा, आणि माहीतगार माणसाकडून, सोल्डर न करता क्रिंप करून, म्हणजे दाबून जोडून, कारण सोल्डरच्या गरमीनेच नवा फ्यूज उडतो.

वापरण्यासारखं काय, तर रबरी पाय, स्क्रू, हँडल आणि गोल बटण. रबरी पाय मिक्सरखाली किंवा सरकणाऱ्या चॉपिंग बोर्डाखाली लावा, लगेच फरक कळतो. ते काढताना प्लग काढलेला हवा, कुकर गार हवा, आणि हातात जाड ग्लोव्ह्ज, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. आत पांढरं कापसासारखं इन्सुलेशन दिसलं तर हात लावू नका, फायबरग्लास असेल तर दिवसभर खाज सुटते. एक अजून, गराज सेलमध्ये कधी अगदी जुना कुकर मिळतो ज्याचं भांडं निघतच नाही. रायव्हल कंपनीने १९७१ साली क्रॉक-पॉट नावाचा स्लो कुकर आणला तेव्हा भांडं पक्कं बसवलेलं असायचं, निघणारं भांडं १९७४ मध्ये आलं. असलं पक्कं भांडं ठोकून सोडवायच्या फंदात पडू नका, त्यातून काही धड निघत नाही.

देताना आणि टाकताना

बेस भंगारात द्या, पत्रा आणि थोडं तांबं असतं, भंगारवाला घेतो, अमेरिकेत असाल तर गावाच्या रीसायकलिंग सेंटरमध्ये स्क्रॅप मेटलचा वेगळा कंटेनर असतो का ते विचारा. पण आधी कॉर्ड बेसच्या अगदी जवळून कापा, म्हणजे कोणी 'चालतोय वाटतं' म्हणून घरी नेऊन लावणार नाही. आणि कापलेल्या कॉर्डचा प्लगही लगेच वेगळा कापून टाका, उघड्या टोकांची प्लगवाली वायर घरात पडलेली असणं फार धोक्याचं, लहान मूल ती सॉकेटला लावतं. फुटलेलं भांडं आणि झाकण काचेच्या रीसायकलिंगमध्ये टाकू नका, सिरॅमिक आणि टेम्पर्ड काच बाटल्यांच्या काचेबरोबर वितळत नाही, सगळा लॉट खराब होतो. तुकडे जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असं मोठ्या अक्षरात लिहून सुक्या कचऱ्यात वेगळे द्या, कचरा वेचणारे हाताने निवडतात.