वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी काळजी कशी घ्यावी आणि त्रास कसे ओळखावेत

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झाली की बहुतेक रुग्णांना दोन ते तीन दिवसांत घरी सोडले जाते, त्यामुळे पुढचे बरेचसे त्रास घरी असतानाच उद्भवतात. अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, थोडाफार त्रास व्हायचाच.’ त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. काही त्रास खरोखरच वाट पाहिली की ओसरतात, तर काहींसाठी एक रात्रही थांबणे धोक्याचे असते. हा फरक रुग्णाला आणि घरातल्या निदान एका माणसाला नीट ठाऊक असायला हवा.

आपली शस्त्रक्रिया कोणती, हे आधी समजून घ्यावे

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलीटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग ओलांडून पुढे जाते. आपल्याकडे मिनी बायपास हा बायपासचाच एक सोपा प्रकारही बराच केला जातो. स्लीव्हनंतर आम्लपित्त आणि छातीत जळजळ जास्त आढळते. बायपासनंतर जीवनसत्त्वांची कमतरता, गोड खाल्ल्यावर होणारा त्रास आणि जोडाच्या जागी होणारा अल्सर यांची काळजी अधिक घ्यावी लागते. म्हणून घरी निघण्यापूर्वी डिस्चार्जच्या कागदावरचे शस्त्रक्रियेचे नाव वाचून, समजून घ्यावे.

पहिले पंधरा दिवस : चालणे, नाडी आणि पाणी

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो आणि ते दुखणे हळूहळू कमी होत जाते. याउलट दुखणे वाढत असेल, सोबत ताप किंवा धाप असेल, किंवा स्वस्थ पडून असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या आसपास किंवा त्याहून जास्त लागत असेल, तर जठराच्या शिवणीतून गळती होत असल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. गळतीत नाडी वाढणे हे बऱ्याचदा पहिले लक्षण असते, त्यामुळे मनगटावर नाडी मोजायला घरातल्या कोणाला तरी आधीच शिकवून ठेवावे.

दर तास-दोन तासांनी घरातल्या घरात थोडे चालावे, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने लिहून दिली असतील तर बरे वाटते म्हणून ती मध्येच थांबवू नयेत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक श्वास लागला, तर ती तातडीची वेळ समजावी.

दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवे, आणि नेमके हेच सुरुवातीला सर्वांत अवघड जाते. पेला तोंडाला लावून पाणी पिणे आता जमणार नाही. औषधाच्या बाटलीच्या छोट्या झाकणाने किंवा चमच्याने, घोट-घोट, दिवसभर प्यावे. साधे पाणी नकोसे वाटले तर पातळ गाळलेले ताक, साखर न घातलेले लिंबूपाणी किंवा मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी चालते. सोडा, शीतपेये आणि उसाचा रस टाळावा. लघवी गडद होणे, उभे राहताच चक्कर येणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे आहेत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी लवकर.

खाण्याच्या पायऱ्या

आहारतज्ज्ञाने दिलेला तक्ता हाच शेवटचा शब्द मानावा. सर्वसाधारण क्रम असा असतो. सुरुवातीचे एक-दोन दिवस गाळलेले पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, सूप आणि प्रोटीन पावडर, त्यानंतर मिक्सरमधून काढलेले मऊ वरण, दही, कुस्करलेले पनीर; पुढे मऊ उकडलेले अंडे, वाफवलेला मासा, मऊ खिचडी, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर नेहमीचे जेवण. पायरी ओलांडून पुढे जाण्याची घाई करू नये, कारण आतली शिवण त्याच काळात भरत असते.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि आपल्या रोजच्या ताटातून ती सहजासहजी मिळत नाहीत. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सुमारे सहा. म्हणून घास कमी असताना आधी पनीर, अंडे, मासा, घट्ट डाळ किंवा दही खावे, मग भाजी, आणि जागा उरली तर भात किंवा भाकरी. ताजी मऊ पोळी आणि कोरडे मटण अनेकांना अडकल्यासारखे होते; ते उशिरा आणि अगदी लहान घासांनी सुरू करावे. जेवताना पाणी पिऊ नये; जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून प्यावे. प्रत्येक घास पूर्ण मऊ होईपर्यंत चावावा आणि छातीच्या मधोमध दाब जाणवला किंवा उचकी लागली की हातातला घासही खाली ठेवावा.

इथे घरच्यांनी मोठी मदत करण्यासारखी आहे, ती म्हणजे आग्रह न करणे. ‘माझ्यासाठी एक घास’ हा प्रेमाचा शब्द या काळात उलटीचे कारण ठरतो. उपवासाबाबतही स्पष्ट बोलावे : साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि निर्जळी उपवास तर या शरीराला झेपणारा नाही. पहिले वर्षभर तरी एकादशी-चतुर्थी दुधा-दह्यावर करता येईल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उलटी होत असेल तर

एखाद्या वेळी घाईने खाल्ले आणि उलटी झाली, तर काही तास फक्त द्रव घ्यावे आणि एक पायरी मागे यावे, म्हणजे बहुधा निभावते. परंतु उलट्या दोन-तीन दिवस चालू राहिल्या किंवा पाणीही टिकेना, तर हा शस्त्रक्रियेचा अपेक्षित भाग समजू नये. जठराची नळी किंवा जोड अरुंद झालेला असू शकतो आणि पुष्कळदा तो एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, रुंद करता येतो.

त्याहून गंभीर धोका थायामिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा आहे. शरीरातला त्याचा साठा काही आठवडेच पुरतो आणि सतत उलट्या होत असतील तर तो संपतो. मग चालताना तोल जाणे, एकाऐवजी दोन दिसणे, डोळ्यांची बुबुळे विचित्र हलणे, पायांना मुंग्या येणे, गोंधळल्यासारखे बोलणे अशी लक्षणे दिसू लागतात. उपचाराला उशीर झाला तर मेंदूची कायमची हानी होऊ शकते. अशक्तपणा म्हणून गावातल्या दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले, तर ही कमतरता एकदम उफाळू शकते. थायामिन आधी किंवा निदान त्याच्यासोबत द्यावे लागते. म्हणून सलाइन लावण्यापूर्वी ‘वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या इतक्या दिवसांपासून आहेत, थायामिन द्यायचे का?’ हे डॉक्टरांना न संकोचता विचारावे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ती ही असावी.

गोड खाल्ल्यानंतरचा त्रास

बायपासनंतर श्रीखंड, जिलेबी, गुळाचा चहा असे काही पोटात गेले की अर्ध्या-एक तासात पोटात मुरडा, घाम, धडधड, जुलाब आणि गळून गेल्यासारखे वाटू शकते, कारण साखर एकदम आतड्यात उतरते. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी होतो : रक्तातली साखर घसरते, हात थरथरतात, अंधारी येते. दोन्हींवर मुख्य उपाय आहारातलाच आहे. गोड टाळावे, थोडे-थोडे पाच-सहा वेळा खावे आणि प्रत्येक वेळी प्रथिने घ्यावीत. साखर वारंवार घसरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर गाडी चालवू नये.

गोळ्या : कोणत्या आयुष्यभर, कोणत्या बंद

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे वजन उतरेपर्यंतचे औषध नव्हे; ते आयुष्यभर घ्यायचे असते. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी करावी. वजन छान उतरते आहे, म्हणून ही तपासणी सोडून देणारे पुष्कळ असतात. मात्र बी-१२ ची कमतरता अनेकदा वर्षा-दोन वर्षांनी, गुपचूप येते.

मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा डोस पहिल्याच दिवसांत कमी करावा लागतो. जुन्याच डोसवर राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. तसेच काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या काळात पूर्ण थांबवाव्या लागतात, म्हणून बदल मनाने न करता यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर टाळाव्यात, कारण जोडावर अल्सर होतो. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सिगारेट यांच्याबाबतही तेच. दारू बायपासनंतर फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोकाही वाढतो.

पुढच्या महिन्यांत

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात. हे बहुतेक वेळा वेगाने वजन उतरल्यामुळे होते आणि प्रथिने व लोह व्यवस्थित असेल तर केस पुन्हा येतात. महागड्या तेलांवर खर्च करण्याआधी रक्त तपासावे. याच काळात पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून अनेक सर्जन सहा महिने त्यासाठीचे औषध देतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर सोनोग्राफी करावी. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे दुसऱ्या साधनाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. मन खचणे, चिडचिड, खाण्यातला आनंद गेल्याची हळहळ हेही होते, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे हा उपचाराचाच भाग आहे.

बायपास झालेल्यांनी शेवटचे हे लिहून ठेवावे : काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही, पोटात अचानक मुरडून असह्य दुखू लागले, तर आत आतडे अडकलेले असू शकते. ते दुखणे अॅसिडिटीच्या गोळीवर सोपवू नये. शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि सर्जनचा फोन क्रमांक लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे आणि कोणत्याही गावी, कोणत्याही डॉक्टरांसमोर ते सर्वांत आधी दाखवावे.